स्किझोफ्रेनियाची मानसशास्त्रीय कारणमीमांसा : आज त्यातलं काय टिकलंय?

अधोरेखित

मानसशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत हे प्रकरण ठरलेल्या साच्यात येतं. आधी फ्रॉइड, मग 'स्किझोफ्रेनिया घडवणारी आई', मग बेटसनचा डबल बाइंड, मग एक्सप्रेस्ड इमोशन आणि शेवटी बोधात्मक (माणूस विचार कसा करतो, अर्थ कसा लावतो यावर भर देणारे) सिद्धांत. सगळ्यांना सारखीच दीड-दोन पानं. काय बाद झालंय, काय अर्धवट तगलंय, काय रोज वापरात आहे याचा वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. मग लक्षात राहतं ते सगळ्यात चटकदार असतं तेच: आईनं काहीतरी केलं असणार.

मला वाटतं, गोंधळाचं मूळ असं की 'स्किझोफ्रेनिया का होतो' या एका वाक्यात चार प्रश्न कोंबलेले आहेत. एखाद्यालाच तो का होतो, त्याच सुमारास का सुरू होतो, रुग्णाला भासात ऐकू येणारे आवाज नेमकं तेच का बोलतात आणि सावरलेला माणूस पुन्हा का घसरतो. प्रत्येक सिद्धांत यातल्या एखाद-दुसऱ्याचंच उत्तर देतो. तर जाणकारांनी सांगावं, कुठला सिद्धांत कुठल्या प्रश्नाला आजही लागू पडतो आणि कुठला सरळ मोडीत काढावा?

जनुकं, डोपामिन (मेंदूतलं एक रसायन), औषधं यांचं महत्त्व गृहीत धरलेलं आहे. 'मेंदू की मन' हा आखाडा कृपया इथे नको.

रिकामटेकडा नं. २

आखाडा नको म्हटलं की तो हमखास होतो. लंगोट कसून बसलोय.

पोटमाळा

मोडीत पहिला मान फ्रॉइडचा. १९११ साली त्यांनी श्रेबर या जर्मन न्यायाधीशाचं विश्लेषण लिहिलं, तेही त्याला एकदाही न भेटता, त्याच्या छापील आठवणींवरून. मांडणी अशी: मनाची ऊर्जा बाहेरच्या जगातून काढून घेतली जाते, माणूस अगदी सुरुवातीच्या आत्ममग्न अवस्थेत मागे जातो, आणि संभ्रम (कितीही समजावलं तरी न सुटणारी चुकीची समजूत) म्हणजे तुटलेलं जग पुन्हा जोडायची त्याची धडपड. पहिले दोन भाग तपासता येतील असे नाहीतच. तिसरा मात्र वेगळ्या कपड्यांत परत आलाय. संभ्रम हा रुग्णानं स्वतःच्या विचित्र अनुभवाला दिलेला अर्थ असतो, हे आजचे बोधात्मक सिद्धांतही म्हणतातच.

दुसरा नंबर 'स्किझोफ्रेनिया घडवणाऱ्या आई'चा. फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी १९४८ मध्ये हा शब्दप्रयोग रूढ केला. आई थंड, हुकमी, मुलाला झिडकारणारी आणि तरी त्याला न सोडणारी. पुरावा काय, तर दवाखान्यात दिसलेल्या आया. तुलनेला निरोगी मुलांच्या आया नाहीत, मूल आजारी पडण्याआधीचं निरीक्षण नाही. दोन-चार वर्षं मुलाच्या मागे धावून दमलेली बाई हुकमी आणि धास्तावलेली दिसणारच; परिणामालाच कारण ठरवलं गेलं. त्याच आईची बाकीची मुलं ठणठणीत का, हा प्रश्न तर कुणी विचारलाच नाही.

टाचणी

पोटमाळा यांच्याशी सहमत. डबल बाइंडबद्दल एक भर घालते, कारण तो सगळ्यात जास्त चुकीचा सांगितला जातो. 'आईबाप उलटसुलट बोलतात' एवढ्यावर डबल बाइंड होत नाही. बेटसन, जॅक्सन, हेली आणि वीकलंड यांच्या १९५६ च्या लेखात अटी नेमक्या आहेत: नातं असं की त्यातून बाहेर पडता येत नाही, एक आज्ञा शब्दांत, तिच्या विरुद्ध दुसरी आज्ञा वेगळ्या पातळीवर (सूर, देहबोली), या विसंगतीवर बोट ठेवायला मनाई, आणि हे एकदा घडून गेलेलं नाही तर पुन्हा पुन्हा घडणारं.

लेखातला प्रसंग बघा. आई रुग्णालयात मुलाला भेटायला येते. तो आनंदानं तिच्या खांद्यावर हात टाकतो, ती आक्रसते. तो हात काढून घेतो, तर ती विचारते, "आता माझ्यावर प्रेम नाही का राहिलं?" तो लाजून लाल होतो, तर ती म्हणते, स्वतःच्या भावनांना इतकं घाबरायचं नसतं. हात ठेवला तरी चूक, काढला तरी चूक, आणि 'तू आक्रसलीस' असं म्हणायची सोय नाही.

प्रसंग अंगावर येतो, म्हणूनच सिद्धांत इतका पसरला. पण मोजायला गेल्यावर वाळू हातातून निसटली. तेच संभाषण वेगवेगळ्या परीक्षकांना दिलं, तर कुठे डबल बाइंड आहे यावर त्यांचं जमेना, आणि असलं बोलणं ज्या घरांत कुणालाच हा आजार नाही तिथेही सापडायला लागलं. कौटुंबिक उपचारपद्धतीत त्याचा वारसा आहे. आजाराचं कारण म्हणून तो संपला.

शंकासूर

म्हणजे कुटुंबाला सरसकट क्लीन चिट? मग फिनलंडच्या दत्तक मुलांच्या अभ्यासाचं काय करायचं? टिनारी यांचं काम बाजूला सारून हे प्रकरण बंद करता येणार नाही.

निळी शाई

बरं झालं काढलंत. आकड्यांसकटच बघू.

आधी हेस्टन, १९६६. स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांची जन्मल्याबरोबर दुसरीकडे वाढलेली ४७ मुलं; त्यातल्या ५ जणांना पुढे आजार झाला. तुलनेच्या ५० मुलांत एकालाही नाही. म्हणजे आजारी आईच्या हाताखाली न वाढताही धोका आलाच. 'घडवणाऱ्या आई'ला खरा धक्का इथे बसला.

टिनारी यांच्या गटानं पुढचा प्रश्न विचारला: धोका घेऊन आलेलं मूल कुठल्या घरात वाढतं यानं फरक पडतो का? दत्तक घेणाऱ्या कुटुंबाला प्रत्यक्ष भेटून ३३ निकषांवर गुण दिले: टीका, संघर्ष, बोलण्यातली संदिग्धता, सीमा न पाळणं वगैरे. २००४ च्या अहवालात चार गट आहेत. जनुकीय धोका जास्त आणि घर बिघडलेलं: ३६.८ टक्के मुलांना स्किझोफ्रेनिया किंवा त्याच्या वर्णपटातला, म्हणजे त्याच्याशी मिळताजुळता विकार. धोका जास्त पण घर निकोप: ५.८ टक्के. धोका कमी आणि घर बिघडलेलं: ५.३. धोका कमी, घर निकोप: ४.८.

तिसरा आकडा पुन्हा वाचा. धोका नसलेल्या मुलाला वाईट घरानं जवळपास काहीच केलं नाही. घर एकटं आजार निर्माण करत नाही. आधीच नाजूक असलेल्यावर त्याचा भार पडतो. झुबिन आणि स्प्रिंग यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या नाजूकपणा-ताण मांडणीला इतका सरळ आधार क्वचितच मिळतो.

दोन पथ्यं पाळायची. एक, आकडे पूर्ण वर्णपटाचे आहेत, निव्वळ स्किझोफ्रेनियाचे नाहीत. दोन, धोका असलेलं मूल लहानपणापासूनच थोडं वेगळं वागतं आणि त्यानंही घर ताणलं जातं. बाणाचं टोक एकाच दिशेला आहे असं या अभ्यासावरून छातीठोक म्हणता येत नाही.

शंकासूर

मान्य. पण मग जुळ्यांचा आकडाही घ्या. गॉट्समन यांच्या संकलनात एकसारख्या जुळ्यांत एकाला असेल तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण ४८ टक्के, वेगळ्या जुळ्यांत १७. सगळी जनुकं सारखी असून निम्म्याहून जास्त जण सुटतात. उरलेले ५२ टक्के मानसशास्त्राचेच ना?

टाचणी

नाही ना! हा सगळ्यात लाडका घोटाळा आहे. एक तर ४८ चा अर्थ 'आजार ४८ टक्के जनुकीय' असा होत नाही. आनुवंशिकतेचा अंदाज दोन्ही प्रकारच्या जुळ्यांच्या तुलनेतून काढतात आणि तो ८० टक्क्यांच्या आसपास येतो. दुसरं, जनुकं सोडून जे उरतं त्यात गर्भातलं कुपोषण आणि संसर्ग, बाळंतपणातली गुंतागुंत, डोक्याला मार, गांजा आणि निव्वळ योगायोग हे सगळं येतं. संगोपन हा त्यातला एक तुकडा. शिवाय जुळ्यांचे आईबाप एकच असतात, त्यामुळे एक आजारी आणि एक निरोगी हा फरक 'आईबाप कसे आहेत' यानं समजावता येत नाही.

रिकामटेकडा नं. २

परीक्षेत एवढं लिहिलं तर गुण मिळतील का?

टाचणी

फ्रॉइडवर चार ओळी जास्त लिहिल्यात तर मिळतील.

कडीकोयंडा

धाग्यातल्या चौथ्या प्रश्नाकडे वळतो, कारण मानसशास्त्राचा सगळ्यात भक्कम पुरावा तिथे आहे आणि नेमका तोच चुकीच्या खणात ठेवला जातो. एक्सप्रेस्ड इमोशन, ईई: घरचे रुग्णाबद्दल बोलताना किती टीका, वैरभाव, अतिगुंतवणूक दाखवतात ते. हा आजार होण्याचा सिद्धांत नाही. आजार झालेला माणूस घरी परतल्यावर पुन्हा घसरतो का, याचं ते भाकीत आहे.

सुरुवात जॉर्ज ब्राउन यांच्यापासून. १९५० च्या दशकात लंडनच्या रुग्णालयांतून घरी सोडलेल्या पुरुषांमध्ये आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेले जास्त परत येत होते. भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहणारे कमी. सगळ्यांना अपेक्षा याच्या उलट होती. त्यातून कॅम्बरवेल कौटुंबिक मुलाखत तयार झाली. नातेवाइकाची एकट्याची मुलाखत, पूर्ण ध्वनिमुद्रित. मुळात ती चार-पाच तास चालायची, नंतर दीड तासावर आली. त्यात पाच गोष्टी मोजतात: टीकेची वाक्यं, वैरभाव, अतिगुंतवणूक, जिव्हाळा आणि कौतुकाची वाक्यं. सहा किंवा अधिक टीकेची वाक्यं, किंवा थोडासाही वैरभाव, किंवा अतिगुंतवणुकीला ० ते ५ मध्ये ३ किंवा अधिक गुण, यातलं एक जरी आलं तरी घर 'हाय ईई'.

टीका कशी ओळखतात? "तो अकराला उठतो" ही माहिती झाली, गुण शून्य. "तो अकराला उठतो आणि माझं डोकं फिरतं" ही टीका. आणि पहिलंच वाक्य दात-ओठ खाऊन म्हटलं तर तीही टीका, कारण शब्दांइतकाच सूर मोजतात. म्हणून लेखी प्रश्नावलीनं ईई नीट पकडता येत नाही, आणि गुण देणाऱ्याला आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. वेळ कमी असेल तर पाच मिनिटांचा भाषण-नमुना असतो: नातेवाइकानं पाच मिनिटं न थांबता रुग्णाबद्दल बोलायचं, मध्ये कुणी प्रश्न विचारायचा नाही.

व्हॉन आणि लेफ यांनी १९७६ मध्ये आपले आणि ब्राउन यांचे आकडे एकत्र केले, १२८ रुग्ण. नऊ महिन्यांत पुन्हा घसरण्याचं प्रमाण हाय ईई घरांत ५१ टक्के, लो ईई घरांत १३. हाय ईई घरात आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर आणि औषध बंद: ९२ टक्के. तेवढाच वेळ पण औषध चालू: ५३. ३५ तासांहून कमी आणि औषध चालू: १५. पुढे बेबिंग्टन आणि कायपर्स यांनी १९९४ मध्ये २५ अभ्यासांचे १३४६ रुग्ण एकत्र घेतले, तेव्हाही साधारण ५० विरुद्ध २१ निघालेच.

पोटमाळा

पण ईई म्हणजे त्या जुन्या आईलाच नवा परकर नाही का? शेवटी बोट घरच्यांकडेच.

कडीकोयंडा

रास्त शंका. फरक दोन ठिकाणी आहे. पहिला, कार्यकारणाची दिशा. आजार जितका लांबतो तितका हाय ईईचा वाटा वाढलेला दिसतो; म्हणजे बराचसा ईई ही दमलेल्या माणसाची प्रतिक्रिया असते. दुसरा, तो बदलता येतो, आणि बदलला की घसरण कमी होते. कौटुंबिक उपचाराच्या नियंत्रित चाचण्यांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय. व्यक्तिमत्त्वाचा दोष असता तर दहा बैठकांत कसा बदलला असता?

आणि टीका येते कुठून हेही शोधलं गेलंय. टीका करणारा नातेवाईक सहसा भास-संभ्रमांवर चिडत नाही. तो चिडतो आंघोळ न करण्यावर, दिवसभर लोळण्यावर, गप्प राहण्यावर. ही आजाराची नकारात्मक लक्षणं आहेत, पण ती आजारासारखी दिसत नाहीत, आळसासारखी दिसतात. "मनात आणलं तर करू शकतो" हे वाक्य शुभंकराच्या (रुग्णाला सांभाळणाऱ्या घरच्या माणसाच्या) तोंडी आलं की टीका पाठोपाठ येतेच. अतिगुंतवणुकीचं मूळ उलट असतं; "त्याच्यानं काही होणार नाही" असं धरून शुभार्थीचं (रुग्णाचं) सगळं आपणच करायचं. म्हणून 'प्रेमानं वागा' हा सल्ला कुचकामी. कुठलं वागणं आजाराचं, कुठलं सवयीचं, हे एकेक उदाहरण घेऊन वेगळं करावं लागतं.

ऋतुपर्ण

+१. एक पुस्ती. घरच्यांना 'त्याला ताण देऊ नका' एवढंच सांगितलं की ते त्याला खोलीत शांत पडू देतात, आणि तेही अंगाशी येतं. विंग आणि ब्राउन यांनी तीन मनोरुग्णालयांची तुलना केली (१९७०). जिथे रुग्णाला दिवसभर करायला काही नव्हतं तिथे नकारात्मक लक्षणं जास्त होती, आणि वातावरण भरतं केल्यावर ती कमी झाली. उत्तेजना फार झाली की भास उसळतात, फार कमी झाली की माणूस विझतो. मधला पट्टा प्रत्येकासाठी वेगळा असतो, तो चाचपडतच शोधावा लागतो.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे, आवाज. ख्रिस फ्रिथ यांची मांडणी (१९९२) अशी: आपण एखादी कृती करतो तेव्हा मेंदू तिची एक आगाऊ प्रत संवेदनांच्या भागाकडे पाठवतो, 'हे माझ्याकडूनच येतंय, दुर्लक्ष कर.' म्हणून स्वतःला गुदगुल्या होत नाहीत. ब्लेकमोर यांच्या प्रयोगात (२०००) आवाज ऐकणाऱ्या किंवा 'माझं शरीर दुसरं कुणी चालवतं' असं वाटणाऱ्या रुग्णांना स्वतः केलेला आणि दुसऱ्यानं केलेला स्पर्श सारखाच तीव्र वाटला. मनातलं बोलणं हीसुद्धा कृतीच. तिची प्रत पोचली नाही तर स्वतःचाच विचार 'आला' असा वाटतो. मेंदूच्या विद्युत आलेखातही हे दिसतं: निरोगी माणूस बोलतो तेव्हा स्वतःच्या आवाजाला मिळणारा, साधारण १०० मिलिसेकंदांवरचा प्रतिसाद दबतो; रुग्णांत तो तितका दबत नाही.

यातून निघणाऱ्या युक्त्या फुकटातल्या आहेत. आवाज येत असताना बारीक गुणगुणणं, मोठ्यानं वाचणं, उलटी गणती. बिक आणि किन्सबोर्न (१९८७) यांनी रुग्णांना आवाज चालू असताना तोंड मोठं उघडायला सांगितलं. १८ पैकी १४ जणांनी आवाज थांबल्याचं सांगितलं.

रिकामटेकडा नं. २

म्हणजे आ वासून बसायचं? बाहेरच्यांनी बघितलं तर तेच डॉक्टरला फोन करतील.

ऋतुपर्ण

म्हणून गुणगुणणं सांगतात. :) आणि तोंड उघडण्याचा निकाल पुढे सगळीकडे तसाच मिळाला नाही, त्यामुळे त्यावर भिस्त नको. कारणही आहे. सगळे आवाज मनातल्या बोलण्यातून येत नाहीत. काही जुन्या प्रसंगाची आठवण परत वाजल्यासारखे असतात. काही धास्तीतून येतात. सतत कान टवकारलेल्याला पंख्याच्या घरघरीतही आपलं नाव ऐकू येतं. पहिल्या प्रकारात गुणगुणणं चालतं, दुसऱ्यात फारसं नाही, तिसऱ्यात धास्तीवर काम करावं लागतं.

इअरफोनवर काय लावायचं यातही गफलत होते. मार्गो, हेम्सली आणि स्लेड यांनी १९८१ मध्ये तुलना केली: अर्थपूर्ण, लक्ष वेधणारं बोलणं ऐकताना आवाज कमी झाले, नुसत्या खरखराटानं उलट वाढले. 'शांत वाटेल' म्हणून पावसाचा नाहीतर पंख्याचा आवाज लावून दिला तर मेंदूला भास विणायला कोरं कापडच दिल्यासारखं होतं. गप्पांचा किंवा बातम्यांचा कार्यक्रम लावा.

शंकासूर

हे सगळं आवाज *का येतो* याबद्दल. आवाज आल्यावर माणूस कोलमडतो का, हे वेगळंच ठरतं. चॅडविक आणि बर्चवुड (१९९४): त्रास आवाजाच्या शब्दांवरून कमी आणि आवाजाबद्दलच्या समजुतीवरून जास्त ठरतो. तो कोण आहे, किती ताकदवान आहे, त्याचा हेतू काय, त्याचं ऐकलं नाही तर काय होईल. दुष्ट आणि सर्वशक्तिमान वाटला की माणूस झगडतो किंवा मुकाट ऐकतो. म्हणून 'आवाज खरा नाही' असं पटवत बसण्यापेक्षा त्याची सत्ता तपासायची. "गेल्या आठवड्यात त्याची धमकी मानली नाहीत, तेव्हा प्रत्यक्षात काय घडलं?" एवढ्या एका प्रश्नावर दोन-तीन बैठका जातात.

निळी शाई

संभ्रमांबद्दल कुणी लिहिलं नाही, मी घेते. 'घाईनं निष्कर्ष' हा सगळ्यात जास्त तपासलेला कल. प्रयोग असा: दोन बरण्या, एकीत ८५ नारिंगी आणि १५ काळे मणी, दुसरीत उलट. बरण्या लपवून एकीतून एकेक मणी काढून दाखवायचा. खात्री वाटली की कुठली बरणी ते सांगायचं. हक, गॅरेटी आणि हेम्सली यांनी १९८८ मध्ये हे संभ्रम असलेल्या रुग्णांवर केलं. तेव्हापासून निकाल तोच: संभ्रम असलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक एक-दोन मण्यांतच ठरवतात, तुलनेच्या गटात असे बरेच कमी.

आता गंमत. हिशोब करून बघा. पहिला मणी नारिंगी निघाला तर त्या बरणीची शक्यता ८५ टक्के, दुसराही नारिंगी तर ९७. दोन मण्यांत ठरवणारा गणितात नापास होत नाही! उलट आपणच गरजेपेक्षा जास्त मणी मागतो. म्हणून ६०:४० ची बरणीही वापरतात. तिथे दोन नारिंगी मण्यांनंतर शक्यता जेमतेम ६९ टक्के, आणि तिथेही दोनवर थांबला तर घाई म्हणता येते. प्रयोग फसतो तो सूचनांपाशी. सहभागी माणसाला वाटतं की प्रत्येक मण्यामागे बरणी बदलतेय. आधी सरावाचा डाव घेऊन विचारून घ्यावं लागतं, आणि निघालेले मणी समोर मांडून ठेवावे लागतात, नाहीतर आपण घाई मोजतोय की स्मरणशक्ती हेच कळत नाही.

टाचणी

आणि इथे डोपामिनची सांगड बसते. कपूर (२००३): डोपामिन एरवी 'हे महत्त्वाचं, इकडे लक्ष दे' अशी खूण करतं. ते अवेळी सुटू लागलं की क्षुल्लक गोष्टी अर्थानं ठासून भरल्यासारख्या वाटतात: गाडीचा नंबर, कुणाचं खाकरणं. आठवडे-महिने माणूस 'काहीतरी चाललंय' या अवस्थेत असतो. मग एके दिवशी उत्तर सापडतं आणि आश्चर्य म्हणजे त्याला हायसं वाटतं. ते उत्तर म्हणजे संभ्रम. त्यात काय असेल हे त्याच्या आयुष्यातून आणि काळातून येतं. भुताटकी, उपग्रह, फोनमधली चिप.

यावरून औषधाचा वेगही कळतो. औषध नव्या खुणा थांबवतं, पण आधी बनलेलं स्पष्टीकरण पुसत नाही. म्हणून "औषध चालू आहे तरी शेजारी विष घालतात म्हणतो" यावरून औषध लागू नाही असा निष्कर्ष लगेच काढू नये. त्या विचाराचा रोजच्या वागण्यावरचा पगडा ढिला होतोय का ते बघावं. विचार स्वतः नंतर जातो, कधी पूर्ण जातही नाही.

शंकासूर

बालपणीच्या आघातांचा मुद्दा अजून टेबलावर आलेला नाही. वारेसे आणि सहकारी, २०१२: शारीरिक, लैंगिक, भावनिक छळ, उपेक्षा, बरोबरीच्या मुलांकडून होणारी दादागिरी (बुलिंग), पालकाचा मृत्यू यांचं एकत्रित विश्लेषण, सायकोसिसची (भास-संभ्रमांच्या विकारांची; स्किझोफ्रेनिया त्यातलाच) संभाव्यता २.७८ पट. हा काही कडेला टाकायचा आकडा नाही.

टाचणी

कडेला टाकत नाही, फक्त दोन्ही बाजूंनी वाचते. शंभरात एक हा मूळ धोका धरला तर २.७८ पट म्हणजे शंभरात पावणेतीनच्या आसपास. आघात सोसलेल्यांपैकी सत्त्याण्णव जणांना हा आजार होत नाही, आणि आजार असलेल्या कित्येकांच्या पूर्वायुष्यात आघात नसतो. बरेचसे अभ्यास मागे वळून आठवायला सांगणारे, हेही आलंच. पण पुढच्या दिशेनं माग घेणाऱ्या अभ्यासांतही संबंध टिकतो, म्हणून तो खरा मानते.

कडीकोयंडा

वापराच्या दृष्टीनं: आघाताबद्दल विचारायचं जरूर, पण मासेमारी करायची नाही. 'नक्की काहीतरी झालं असणार, आठवा' असं खणत बसलं की ज्याचा आतला-बाहेरचा भेद आधीच ढिला आहे त्याच्या हाती नवी सामग्री जाते. साधा थेट प्रश्न, उत्तर 'नाही' आलं तर पुढे. 'हो' आलं तर तपशील लगेच उकरायचा नाही. आधी झोप, औषध, घरातली सुरक्षितता.

पोटमाळा

थोडं घराबाहेरही बघू. फॅरिस आणि डनहॅम यांनी १९३९ मध्ये शिकागोच्या मध्यवस्तीतल्या गरीब भागात रुग्ण जास्त दाखवले, आणि वाद सुरू झाला: वस्ती आजारी पाडते की आजारी माणूस घसरत तिथे पोचतो? दोन्ही थोडं-थोडं. स्थलांतरितांत, आणि त्यांच्या तिथेच जन्मलेल्या मुलांतही, प्रमाण जास्त निघतं. सेल्टन आणि कँटर-ग्री यांनी त्यासाठी 'सामाजिक पराभव' ही कल्पना मांडली: कायम बाहेरचा, कायम खालचा असण्याचा ताण.

आणि ईईबद्दल राहिलंच: चंडीगढच्या १९८७ च्या अभ्यासात हाय ईई घरं लंडनपेक्षा बरीच कमी निघाली. म्हणजे टीकेची पातळी 'आजारी माणसाच्या घरात असतेच' अशी ठरलेली नाही.

अधोरेखित

उत्तम चाललंय. एक आडवा प्रश्न. बोधात्मक वर्तन उपचार (सीबीटी, बोलण्यातून विचार आणि वागणं तपासण्याचा उपचार) उपयोगी पडतो, तर त्यावरून 'चुकीचे विचार हे कारण' असं सिद्ध होत नाही का? पुस्तकात तसंच सुचवलेलं असतं.

निळी शाई

अजिबात नाही. पक्षाघातानंतर व्यायामानं हात हलू लागला म्हणून पक्षाघात व्यायामाअभावी झाला होता असं कुणी म्हणत नाही. शिवाय उपयोग किती, तेही बघा. जौहर आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या विश्लेषणात एकूण लक्षणांवर परिणामाचं माप (इफेक्ट साइझ) ०.३३, भास-संभ्रमांवर ०.२५, म्हणजे लहान. मूल्यमापन करणाऱ्याला कोणाला काय मिळालंय हे माहीत नसेल तर आणखी लहान. ब्रिटनची नाइस ही संस्था तरी त्याची शिफारस करते, किमान १६ बैठका, आणि कुटुंबासाठी ३ महिने ते वर्षभरात किमान १०. पण पर्याय म्हणून नाही, औषधाच्या जोडीनं.

ऋतुपर्ण

आकडा लहान येण्यामागे 'कसा केला' याचाही भाग आहे. पहिल्याच बैठकीत संभ्रमाविरुद्ध पुरावे मांडले की खेळ खलास. रुग्णाच्या लेखी तुम्हीही कटात सामील झालात. क्रम असा: आधी चार-पाच बैठका फक्त ओळख आणि ऐकणं. मग त्रास देणाऱ्या एका प्रसंगाची साखळी: काय घडलं, काय वाटलं, त्याचा काय अर्थ लावला, मग काय केलं. मग झोप आणि काळजी, कारण तिथे लवकर फरक पडतो आणि विश्वास बसतो. संभ्रमाला हात सगळ्यात शेवटी, तोही कडेनं: "दुसरं काही स्पष्टीकरण असू शकेल का, शंभरात किती शक्यता?" शंभरावरून ऐंशीवर आला तरी बैठक वाया गेली नाही. सुरक्षिततेसाठी तो जे करतो, म्हणजे पडदे बंद, एका ठरावीक रस्त्यानंच जाणं, ते तसंच राहिलं तर मात्र संभ्रमाला रोज नवा पुरावा मिळत राहतो: 'पडदे बंद होते म्हणूनच वाचलो.'

रिकामटेकडा नं. २

लंगोट सोडतोय. आखाडा झालाच नाही, निषेध.

अधोरेखित

:) मूळ प्रश्नाचं मला दिसणारं उत्तर: 'एखाद्यालाच का' यात मानसशास्त्र दुय्यम आणि तेही जनुकांच्या जोडीनंच. 'आवाज तेच का बोलतात' आणि 'पुन्हा का घसरतो' यात मात्र आघाडीवर. 'त्याच सुमारास का' यावर फार कुणी बोललं नाही.

आणि कडीकोयंडा, घरचे पहिल्या भेटीत विचारतात "आमचं काय चुकलं?", तेव्हा यातलं काय सांगायचं?

कडीकोयंडा

'तुमचं काही चुकलं नाही' एवढंच सांगून थांबू नये. ते त्यांना खोटं वाटतं. आधी हेस्टनचा निकाल साध्या शब्दांत: आजारी आईची मुलं दुसऱ्या घरात वाढली तरी धोका राहतो. मग लगेच पुढचं: आजार तुम्ही आणला नाही, पण इथून पुढचे नऊ-बारा महिने तुमच्या हातात बरंच आहे. मग त्याच भेटीत तीन ठोस कामं. औषधाची वेळ कोण बघणार ते एकाच माणसाचं नाव घालून. दिवसातले काही तास दोघांनी वेगळे घालवायचे, शुभंकरानं घराबाहेर पडायचं धरून. आणि मागच्या वेळी आजार उसळण्याआधीच्या पंधरवड्यात काय बदललं होतं त्याची यादी: झोप तुटणं, जेवणाचा संशय, मित्रांचे फोन न घेणं. यादी प्रत्येकाची वेगळी आणि बहुधा दर वेळी तीच असते, म्हणून ती त्याच्या सल्ल्यानं, त्याच्या शब्दांत लिहायची.

'त्याच सुमारास का' यावर: ब्राउन आणि बर्ली यांना १९६८ मध्ये आजार उसळण्याआधीच्या तीन आठवड्यांत आयुष्यातल्या घटना जास्त सापडल्या. घटना वाईटच असायची असं नाही, घर बदलणंही त्यात येतं. पण त्या ठिणगीसारख्या. लाकूड आधीच वाळलेलं.

टाचणी

एक छोटी दुरुस्ती, कारण विद्यार्थी इथून उतरवून घेतील. टीकेच्या सहा वाक्यांचा आकडा कुठल्या सिद्धांतातून आलेला नाही. ब्राउन यांच्या १९७२ च्या अभ्यासात सीमारेषा सातची होती. व्हॉन आणि लेफ यांनी ती सहावर आणली, कारण तिथे घसरणारे आणि न घसरणारे जास्त स्वच्छ वेगळे होत होते. नैराश्यासाठी त्यांनाच ती दोनवर आणावी लागली. त्यामुळे 'पाच वाक्यं म्हणजे सुरक्षित घर' असं कुणाला सांगू नका.